मीठ उडत नाही

मला मीठ बंद आहे. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, गोळ्यांबरोबरचा घोट आला, सगळं आलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्यांनी कायमचा संप पुकारला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मी दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला जोडून घेतो. मशीन रक्त धुतं आणि अंगात साठलेलं पाणी ओढून काढतं. अशा माणसाने घरात दोनशे लिटर खारं पाणी भरून त्यात मासे सोडले, तर लोक काय म्हणतील? म्हातारचळ म्हणतील. म्हणालेच. म्हणोत बापडे.

डायलिसिसच्या हॉलमध्ये भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावर आवाज बंद करून समुद्राखालचं काहीतरी दिवसभर लावून ठेवतात, म्हणजे खुर्च्यांवरची मंडळी गप्प पडून राहतात. वर्षभर मी ते बघितलं. मग एक दिवस तिथल्या सिस्टरला म्हणालो, "असली टाकी मी घरी करणार."

"काका, पाळायचेच तर गोड्या पाण्यातले मासे पाळा," सिस्टर म्हणाली. "खाऱ्या पाण्याची फार कटकट असते. आपलं काम नव्हे ते."

आपलं काम नव्हे! हे तीन शब्द ऐकले की माझं डोकं सटकतं. अहो, तेहतीस वर्षं मी धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळला. पाणी जड की हलकं, त्यात क्षार किती, रोज सकाळी नळीत थेंब टाकून रंग बघून सांगायचो. माझ्या पाळीत बॉयलर एकदाही तडकला नाही. आणि ही मला सांगणार माझं काम कुठलं ते!

त्याच महिन्यात टाकी आणली. बाहेरच्या खोलीत, खिडकीचं ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीला. खाली सुताराकडून भक्कम कपाट करून घेतलं, चारी बाजूंनी पाणसळ लावून बघितलं, एका कोपऱ्यात कागदाच्या दोन घड्या सरकवल्या. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं, म्हणून फिल्टर बसवला. मिठाची बादली आली, तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, मीठच ना? मग घरात दोन किलो पडलंय की. तसंही तुम्हाला बंदच आहे."

तिला सांगितलं, स्वयंपाकाचं मीठ वेगळं, हे वेगळं. समुद्रात नुसतं मीठ नसतं, आणखी पन्नास गोष्टी असतात. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग, हे प्रमाण. छत्तीस झालं तरी चालेल, चाळीस नाही. दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र मिळतं, त्याच्या काचेवर टाकीतला थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, रेघ किती आकड्यावर आहे ते दिसतं. हिने डोळा लावला आणि म्हणाली, "मला नुसतं निळं दिसतंय." मी म्हटलं, राहू दे. तुला नाही जमायचं.

वाळू घातली, भोकाभोकांचे दगड रचले, पंप चालू केला. आणि मग सहा आठवडे काही नाही. नुसतं पाणी फिरतंय. त्या दगडांत डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढावे लागतात. माशांची घाण विष होते, ते विष हे जंतू खातात. त्यांचं बस्तान बसायच्या आधी मासा सोडला की मेलाच. मी रोज थेंब टाकून बघायचो. हिरवं आलं की विष आहे, पिवळं आलं की गेलं. शेजारीपाजारी येऊन मोकळ्या टाकीकडे बघायचे आणि हसू दाबत चहा प्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात मुलगी आणि जावई आले. मुलीला मी फौजदार म्हणतो, लहानपणापासून. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. जावईबापू भला माणूस, पण घाईचा. हातात पाण्याने फुगवलेली पिशवी, त्यात चार मासे. "बाबा, तुमच्यासाठी! टाकी किती दिवस ओकीबोकी ठेवणार?"

"परत द्या," मी म्हणालो.

"अहो, असं काय करता? एवढ्या हौसेने आणलेत त्यांनी," ही म्हणाली.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! ती टाकी अजून तयार नाही. हे चार जीव मी मारणार नाही. जावईबापू, दुकान बंद व्हायच्या आत परत देऊन या."

बिचारे गेले परत. फौजदार माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण सातव्या आठवड्यात पाणी पिवळंजर्द दाखवायला लागलं, आणि मग मी माझे मासे आणले. तेही सरळ टाकीत नाही. चार आठवडे वेगळ्या टबात, रोग आहे का बघायला. एकाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, त्याला त्या टबातच औषध दिलं. मोठ्या टाकीत औषध घातलं असतं तर ते दगडांत मुरून बसलं असतं. सगळा धीराचा मामला.

पांढऱ्या पट्ट्यांच्या केशरी क्लाउनफिशचं एक जोडपं. मोठी ती बाई, लहान तो नवरा. बाईने शेपूट हलवली की हा बाजूला होतो. आमची ही म्हणाली, "एवढं एक तरी शिका त्याच्याकडून." तिसरा एक लांबोडका मासा, दिवसभर वाळू तोंडात भरून इकडची तिकडे टाकतो, त्याला मी गवंडी म्हणतो. आणि एक लाल-पांढरी कोळंबी, लांब मिशांची. मासे तिच्यासमोर येऊन उभे राहायचे आणि ती त्यांचं अंग साफ करायची. तिचं नाव न्हावी.

माझ्या डाव्या हातात सुई टोचायची शीर आहे, तो हात पाण्यात घालायला डॉक्टरांची सक्त मनाई. उजव्या हातात बगलेपर्यंतचा रबरी मोजा चढवायचा आणि एका हाताने सगळं करायचं. मी केलं. कुणाची मदत घेतली नाही. खालच्या कपाटाला तर कुणी हातच लावायचा नाही अशी ताकीद दिली होती. त्यात मिठाची बादली, थेंबांच्या बाटल्या आणि फिल्टरच्या गोड्या पाण्याचा वीस लिटरचा जार असायचा.

आता मुद्द्याचं. फौजदारचं म्हणणं, आम्ही दोघांनी हे घर सोडून तिच्याकडे राहायला यावं. तिच्या गावात डायलिसिसचं सेंटर तिच्या दारापासून पाच मिनिटांवर. इथे मला दोन बस बदलाव्या लागतात. तिचं चुकीचं होतं असं नाही. पण तिच्याकडे गेलो की मी कोण? कोपऱ्यातल्या खाटेवरचा पेशंट. सकाळी किती प्यायलात, दुपारी किती प्यायलात. इथे मी टाकीचा मालक आहे. तिच्या घरात ही टाकी ठेवायला जागा नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. एकदा फारच ताणलं तेव्हा मी ताटावर बसून बोललो, "ज्या दिवशी मला ही टाकी सांभाळता येणार नाही, त्या दिवशी मुकाट्याने सामान बांधीन. त्याआधी विषय काढायचा नाही."

"शब्द?" ती म्हणाली.

"शब्द."

पाच महिने टाकी टकाटक चालली. मग एका सकाळी मला श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. होतं असं, या आजारात होतंच. दवाखान्याच्या गाडीत घातलं, ही बरोबर आली, फौजदारला बोलावून घेतलं. तिला फोनवर, धापा टाकत, एवढंच सांगितलं: "टाकीच्या काचेवर रेघ आहे. पाणी उडून खाली जाईल, रोज रेघेपर्यंत भर. खाणं चिमूटभर. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस."

नऊ दिवस दवाखान्यात काढले. दहाव्या दिवशी, सोमवारी, घरी आलो. चपलाही काढल्या नव्हत्या, टाकीसमोर जाऊन उभा राहिलो. पाणी बरोबर रेघेवर. काच स्वच्छ पुसलेली. पण जोडपं वर, पंपाच्या धारेजवळ, नुसतं हिंदकळत होतं, कल्ले फडफडत होते. गवंडी वाळूवर आडवा. न्हावी कुठेच दिसेना.

"कोळंबी परवा मेली," फौजदार मागून म्हणाली. "मी रोज भरत होते, बाबा. एक दिवस चुकवला नाही."

मी थेंब काचेवर टाकला, खिडकीकडे वळलो, बघितलं. पुसून पुन्हा बघितलं. बेचाळीस.

"कुठलं पाणी घातलंस?"

"खारंच की. खाऱ्या पाण्याची टाकी ना? बादलीतलं मीठ कालवून घालत होते. जरा सढळ हातानेच, कमी पडायला नको म्हणून."

मी असा ओरडलो की ही स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, पाणी उडतं! मीठ उडतं का? मीठ खालीच राहतं! उडालेल्याच्या जागी गोडं पाणी घालायचं असतं. बॉयलरवर झाडू मारणाऱ्यालाही हे कळतं! वाफ वर जाते, क्षार तळाला. नऊ दिवस तू त्यांना मिठात घालत होतीस!"

"हे तुम्ही मला कधी सांगितलंत?"

"सांगायला कशाला पाहिजे? गोड्या पाण्याचा जार खाली कपाटात भरून ठेवला होता. दिसला नाही?"

फौजदारने हिच्याकडे बघितलं. ही फरशीकडे बघायला लागली. "दिसला," फौजदार म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. मला त्या वेळी ते उमगलं नाही. मी रागात होतो.

जावईबापूंना फोन लावला गेला, स्पीकरवर. ते म्हणाले, "बाबा, त्यात काय एवढं? सगळं पाणी उपसू, नवं भरू. तासाभराचं काम." आणि मग जरा थांबून, "पण खरं सांगू का, तुम्ही शब्द दिला होतात. नऊ दिवस तुम्ही नव्हता तर ही अवस्था. पुन्हा असं होणारच नाही का? मी रविवारी गाडी घेऊन येतो. इथल्या एका शाळेला टाकी हवीये, मी बोलून ठेवलंय."

"बोलून ठेवलंय? कुणाला विचारून?"

"बाबा, चिडू नका," फौजदार म्हणाली. "शब्द तुमचाच होता."

"होता. आणि अजून आहे. मासे मेलेत का? तीन जिवंत आहेत. रविवारपर्यंत पस्तीसवर आणून दाखवतो, तिघेही खाताना दाखवतो. नाही जमलं तर स्वतःच्या पायाने गाडीत चढीन. आता सगळ्यांनी माझ्या टाकीपासून लांब व्हा."

एकदम पाणी बदलायचं नाही. तेच तर मरण. नऊ दिवस हळूहळू चढलेलं मीठ तासाभरात उतरवलं, तर मासा आतून फुगतो. रोज सहा लिटर काढायचं, सहा लिटर गोडं घालायचं, तेही थेंबाथेंबाने. मंगळवारी डायलिसिसला गेलो तेव्हा सिस्टरकडून सलाईनची एक नवी नळी मागून आणली, चाक फिरवून थेंब कमी-जास्त करता येतात ती. सिस्टरने आधी "कशाला?" विचारलं आणि कारण ऐकल्यावर कपाळाला हात लावला, पण नळी दिली. जार स्टुलावर चढवला, नळी टाकीत सोडली, आणि खुर्ची ओढून बसलो. सेकंदाला दोन थेंब. सहा लिटर उतरायला अख्खा दिवस आणि वर रात्र जायची. नळीत बुडबुडा अडकला की थेंब थांबतात, म्हणून सारखं लक्ष द्यावं लागतं.

बुधवारी अडतीसच्या जरा वर आलं. मासे अजून खात नव्हते. पाणी थेंबथेंब पडताना दिवसभर बघायचं, आणि आपल्याला लिटरभरात भागवायचं. जीभ टाळूला चिकटते. ओठ सोलतात. डोळे मिटले तरी पाणीच दिसतं. असो.

गुरुवारी मशीनने माझ्यातून साडेतीन किलो पाणी ओढलं. पोटऱ्यांत असे गोळे आले की मी हॉलमध्ये ओरडलो. बीपी घसरलं, डोळ्यांपुढे अंधार, पाय वर करून झोपवलं. घरी आलो तो भिंत धरून. तरी पहिला टाकीपाशी गेलो. फौजदार माझ्या खुर्चीवर बसून थेंब मोजत होती.

"उठ," म्हणालो.

ती उठली, बाजूला जमिनीवर बसली. मग म्हणाली, "बाबा, एवढं सावकाश का? मला खरंच समजून घ्यायचंय."

आवाजात भांडण नव्हतं, म्हणून मीही नीट सांगितलं. "आज माझी काय गत झाली बघितलीस ना? चार तासांत साडेतीन किलो ओढलं. अंगाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. अंगातलं पाणी रक्तात यायच्या आत रक्तातलं ओढलं जातं आणि माणूस कोसळतो. माशाचंही तेच. मला माहीत आहे ते काय असतं, म्हणून मी त्यांना ते होऊ देणार नाही."

"पण साडेतीन किलो ओढायची वेळ का आली? डॉक्टर म्हणतात दोन दिवसांत दोनच्या वर वजन वाढायला नको."

"होतं कमी-जास्त. तिथला वजनकाटा थोडाच बरोबर असतो."

"काल सकाळी तो जार मी भरला. काठोकाठ, वीस लिटर. टाकीत सहा गेले. आज सकाळी चौदा उरायला हवे होते. बाराच होते."

मी नळीतला बुडबुडा शोधायला लागलो.

"मी आले त्या दिवशी मीठ शोधायला कपाट उघडलं," फौजदार म्हणाली. "आत जार, जारवर उपडा घातलेला स्टीलचा पेला. मागे खाऱ्या शेंगदाण्यांची पाकिटं, सहा रिकामी, दोन भरलेली. मला वाटलं, हे बाबांचं चोरून प्यायचं पाणी. टाकीचं असेल असं मनातसुद्धा आलं नाही, बाबा. पेला ठेवलेल्या जारमधलं पाणी कुणी माशांना घालतं का? म्हणून मी मीठ कालवलं." ती माझ्याकडे वळून बसली. "तुम्ही दवाखान्यात श्वासासाठी तडफडत होतात आणि मी इथे ती पाकिटं हातात घेऊन बसले होते. छातीत पाणी आजाराने झालं नाही. तुम्ही प्यायलात. मी आईला विचारलं. तिला सगळं माहीत होतं. तुमच्या ओरडण्याला घाबरून ती गप्प होती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या तर तोंडावर उन्हं पडली. असं झालं की मी काय करतो? तेच केलं. ओरडलो.

"प्यायलो! हो, प्यायलो! तहान म्हणजे काय ते तुला काय माहीत? तीन वर्षं! तीन वर्षं पाणी मोजून पितोय. तू नळ सोडतेस, पेला भरतेस, अर्धा पितेस आणि उरलेलं मोरीत ओततेस. माझ्या डोळ्यांदेखत ओततेस! मला ते मोरीतलं चाटावंसं वाटतं, कळतंय का? माझा जीव, माझी मर्जी. मरायचं तर तहानलेला तरी मरणार नाही!"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली. "माशांना थेंब थेंब मोजून घालता. मीठ एक आकडा चढलं तर घर डोक्यावर घेता. माझ्याकडून चुकलं ते मला माहीत नव्हतं म्हणून. तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

ती उठून आत गेली. आत ही रडत होती ते ऐकू येत होतं. मी थेंब बघत बसलो. सेकंदाला दोन. न्हावी माझ्या पेल्याने मेला होता, हे मला तिथे बसल्या बसल्या नीट कळलं. लाज वाटली. राग लाजेपेक्षा मोठा होता, पण लाज होती.

मग मी उठलो, कपाट उघडलं, पेला घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन मांडणीवर ठेवला. भरलेली दोन पाकिटंही ठेवली. कुणी काही बोललं नाही, हे त्यांचं नशीब. बोलल्या असत्या तर परत उचलून आणलं असतं.

शुक्रवारी छत्तीस. दुपारी गवंडी उठला आणि त्याने तोंडभर वाळू उचलून दुसरीकडे टाकली. मी "शाबास!" असं ओरडलो की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. त्या दिवशी मी नऊशे मिली प्यायलो. ओठ ओले करायला कापूस घेतला, चूळ भरली, थुंकली. चूळ थुंकणं ही काय चीज आहे ते ज्याला तहान आहे त्यालाच विचारा.

शनिवारी दवाखान्यात काट्यावर उभा राहिलो. सिस्टरने आकडा बघितला आणि म्हणाली, "काका, उतरा. परत चढा." परत चढलो. "खिशातलं काही काढलंत का? चपला काढा. नको, घाला." तिने काटा हलवून बघितला. वजन एक किलो सातशेनेच वाढलं होतं. दोन दिवसांत. "आजारी आहात का?" तिने विचारलं.

"तुमचा काटा आजारी होता," मी म्हणालो. "आता बरा झालाय. सुई टोचा लवकर, घरी माझं काम पडलंय."

पाय वळले नाहीत. दोन बस बदलून, कुणाचा हात न धरता घरी आलो.

रविवारी सकाळी दहाला जावईबापूंची गाडी दारात लागली. बरोबर दोन माणसं, जाडे दोर, जुनी ब्लँकेटं. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. म्हणालो, "या. इथे उभे राहा. हातातलं खाली ठेवा." यंत्राच्या काचेवर थेंब टाकला आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजेडाकडे धरून बघितलं.

"पस्तीस," ते म्हणाले.

मग मी चिमूटभर खाणं टाकलं. बाई आधी आली, झडप घातली. नवऱ्याने तिच्या मागे राहून उरलंसुरलं टिपलं. गवंडी खालून वर आला, तुकडा घेतला आणि बिळात गेला. ते दोर घेऊन आलेले दोघे टाकीला नाक लावून बघत होते.

"मी कुठेही येत नाही," मी म्हणालो. "शब्द पाळलाय. कुणाला काही म्हणायचंय?"

जावईबापूंनी फौजदारकडे बघितलं. ती म्हणाली, "शाळेला कळवा, टाकी नाही म्हणून." आणि आत जाऊन तिने बॅग भरायला घेतली. एकटीची.

जिंकलो होतो मी. उड्या माराव्यात असं वाटायला हवं होतं. पण ती बॅगेची चेन ओढायला लागली, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्यापाशी गेलो. आयुष्यात मी मुलीला कधी काही विनवलं नाही. "अगं," म्हणालो, "अर्धा तास बस. तुला सगळं दाखवतो. थेंब कसे मोजायचे, गोडं पाणी कधी घालायचं, नवा मासा आणला तर किती दिवस वेगळा ठेवायचा. लिहूनही देतो. तेव्हा मी काही सांगितलं नाही, चूक झाली माझी. उद्या मला काही झालं तर कुणाला तरी हे यायला हवं."

"नाही," फौजदार म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"शिकणार नाही. आईलाही शिकवायचं नाही. यांनाही नाही."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? मी काय अमरपट्टा घेऊन आलोय? मी गेलो तर त्यांना बघणार कोण?"

"कोणीच नाही." तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. सरळ माझ्याकडे बघत होती. "मी शिकले की तुम्ही मोकळे. मासे बघायला मुलगी आहेच, मग दोन पेले जास्त प्यायला काय हरकत आहे? तसं नाही होणार, बाबा. तुम्ही गेलात की पंधरा दिवसांत तुमची टाकी मेली. हे लक्षात ठेवा, आणि मग प्या किती प्यायचं ते."

मी तोंडाला येईल ते बोललो. निर्दयी म्हणालो, हेकट म्हणालो, बापाला धमकी देतेस म्हणालो. तिने ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि जिना उतरली. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. ही खिडकीतून हात हलवत होती. माझ्याकडे न वळता म्हणाली, "तुमच्यावरच गेलीय. आता भोगा."

मी दार लावलं. दिवसाच्या पाण्यातलं किती उरलंय ते बघितलं. दीड पेला. अजून दुपारचे बाराही वाजले नव्हते आणि उकाडा मी म्हणत होता. दीड पेला झोपेपर्यंत पुरवायचा होता.

पुरवला.